हर्षला घरी येईपर्यंत

नाताळच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
उजगरे सर मोहननगरहून स्कूटरवर आले,
फाटकातूनच पुडकं दिलं,
चकचकीत कागदातलं, अजून कोमट.
"टर्की आहे. छातीचा भाग राखला तुमच्यासाठी.
आता याची तर्री नका करू बाप्पा, हात जोडतो."

मी इतवारीत वाढलेला माणूस.
मांसाकडे जाणारे मला दोनच रस्ते ठाऊक,
एक सावजी,
दुसरा सावजी, पण तेल बेताचं.
रात्रभर ते पुडकं फ्रिजमध्ये
परक्या घरच्या पाहुण्यासारखं
दह्याच्या भांड्याला न टेकता बसलं होतं.

आता सहा वाजलेत. ओट्यावर हात गारठतात.
हर्षला अजून सोनेगावला, पडद्यासमोर,
देशाच्या मधोमध बसून
लोकांची विमानं वरच्यावर पुढे पाठवते.
झोपलेली माणसं, गुडघ्यांवर पांघरुणं,
कुणाच्या पुढ्यात प्लॅस्टिकमधलं गारढोण सँडविच.
त्यांना नागपूर म्हणजे खाली थोडे दिवे,
तेही जागे असले तर.

मांस कापायचं नाही, हे हातालाच कळलं.
जुनी लोकर उसवावी
तसं धाग्याधाग्यानं सोडवलं.
फार कोरडं.
तव्यावर लोणी, वर चमचाभर पाणी, झाकण.
मग संत्रं. आंबिया बहाराचं शेवटचं,
साल सैल, आत फोडी हिंदकळतात.
कॉटन मार्केटात याला आता कुणी विचारत नाही,
पण रस आत्ता कुठे शहाणा झालाय.
अर्धं पिळलं. साल किसली चिमूटभर,
खालच्या पांढऱ्याला धक्का न लावता.
खलात मोहरी, लसणाची एक पाकळी, मीठ.

तिखट?
डबा उघडला. हात आत गेला.
उजगरे सरांचे जोडलेले हात आठवले.
तरी बोटाच्या टोकाला लागलं तेवढं टाकलंच.
मी काही संत नाही.

ब्रेड कालचा, धरमपेठेतल्या बेकरीचा.
काठ कापले नाहीत, तिला काठच आवडतात.
टोस्टर जळाला त्याला दोन दिवाळ्या झाल्या,
तव्यावर दाबायला पितळी बत्ता उभा केला
आणि त्याच्यावर हात ठेवून थांबलो,
शाळेत चित्र वाळायची वाट बघतात पोट्टे,
तसा. सारखं कडेनं उचलून बघत.

साडेसातला फाटक वाजलं.
रात्रभर आकडे बोलून आवाज पार बसलेला.
चपला न काढताच खुर्चीत टेकली,
अर्धं सँडविच काही न विचारता खाल्लं,
मग घास गालात धरून थांबली.
"काय आहे हे?"
"टर्की."
"खोटं नको बोलू. टर्की मी तीन वाजता पाठवली पुढे.
छत्तीस हजार फुटांवर होती,
इस्तंबूलला चालली होती."

हसलो दोघं.
माझी शाळा सकाळची, तिच्या रात्री अशा.
एकाच वेळी जागे असण्याचा
आम्हाला सराव राहिलेला नाही.

"उडतो का रे हा पक्षी?"
"रानातला उडतो म्हणे, थोडा.
पाळलेला नाही. जड होतो."
ती काही बोलली नाही.
उरलेला अर्धा तुकडा माझ्याकडे सरकवला,
लगेच परत ओढला,
त्याचा खरपूस काठ मोडून घेतला
आणि बसलेल्या आवाजात म्हणाली,
"आता उतरायला परवानगी आहे."

मी ओट्याशी उभ्यानंच खाल्लं.
वरून काहीतरी घरघरत गेलं,
तिने मान वर केली नाही.
मोहरी जराशी जास्त झाली होती.